गोरल्याचं घर

सर्व्हिस मोटार मंद्रूपच्या वेशीबाहेर थांबली. श्रीमंत उतरला, पण घराकडे न वळता क्षणभर रस्त्याच्या कडेलाच उभा राहिला. गेल्यावर पहिलं काय बोलायचं ते सोलापुरापासून घोळवत आणलं होतं, आणि वेशीत पाऊल पडताच ते सगळं विसरलं.

पत्र येऊन चार दिवस झाले होते. मिलच्या चाळीतल्या खोलीत तो एकटाच. बायको मानमोडीच्या साथीत गेली त्याला तेरा वर्षं होऊन गेली, मूलबाळ झालंच नाही. असं पत्र आल्यावर माणूस उठून कुणाला तरी हाक मारतो. श्रीमंतने दाराला कडी घातली आणि ते स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी रविवारची सुट्टी आली तसा तो थोरल्या भावाकडे निघाला. रक्ताचं माणूस म्हणून जगात तेवढंच एक दार उरलं होतं.

हे सगळं सुरू झालं होतं गेल्या उन्हाळ्यात, कर्क साहेबापासून. मागांच्या खात्याचा हा म्हातारा मास्तर स्कॉटलंडचा, डंडी गावचा. वीस वर्षं श्रीमंत त्याच्या हाताखाली जॉबर, म्हणजे विणकरांवरचा मुकादम, होता. एरवी नुसतं 'जॉबर' म्हणणाऱ्या साहेबाचं बोट एके दिवशी हजेरीपट चाळताना श्रीमंतच्या आडनावावर थांबलं: गोरले. त्याने ते दोनदा वाचलं, जरा वेगळ्याच हेलाने. मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत, ओठ बघून समजून घ्यावे लागतात. श्रीमंतला ओठांवरून कळलं ते एवढंच: हे नाव साहेबाच्या बहिणीच्या गावात घरोघर आहे. मग साहेबाने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं गिळलं.

डोळे घारे होते. घारे म्हणजे मधाच्या रंगाचे नव्हेत, हिरवट राखी. भाऊ धुळाप्पा त्याच आईच्या पोटचा, पण त्याचे डोळे काळेभोर. लहानपणी श्रीमंतला मेंढरांमागं जाताना पोरं 'मांजऱ्या' म्हणायची, आणि पोरांचे बाप 'गोरल्याचं बी' म्हणून हसायचे. आडनाव सगळ्या घराचं, पण त्याची बोलणी एकट्या श्रीमंतने खाल्ली. मेंढरं सोडून तो मिलमध्ये गेला तो त्या हसण्याला कंटाळून. पणजीचा कुणा गोऱ्याशी काही संबंध होता, एवढंच घरात बंद दारामागं म्हटलं जाई. खरं काय ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायची सोय नव्हती.

साहेबाने त्याला सोलापुरातल्या गोऱ्या लोकांच्या कबरस्तानात नेलं. तासभर दोघं काटेरी झुडपांतून फिरले. अर्धा जमिनीत गेलेला एक दगड साहेबाने गुडघ्यांवर बसून छडीने खरवडला. वरचं नाव 'गोरले' निघालं. खालची अक्षरं झिजून गेली होती. साहेबाने बहिणीला लिहिलं, बहिणीने तिथल्या पाद्र्याला विचारलं, आणि सात महिन्यांनी बोटीच्या टपालाने उत्तर आलं. मिलच्या कारकुनाने ते मराठीत उतरवून दिलं होतं.

श्रीमंत घराशी आला तेव्हा अंगण शेणाने सारवलेलं होतं आणि सोप्यात जाजम पसरलेलं. भावजय बसम्मा पाण्याची घागर घेऊन येत होती. त्याला बघून ती जागीच थांबली.

"अय्यो! आजच यायचं हुतं व्हय भावजी?"

"का वैनी? आज काय हाय?"

ती उत्तर द्यायच्या आत धुळाप्पा आतून आला. त्याने भावाच्या दंडाला धरून त्याला घराच्या बाजूला, कडब्याच्या गंजीआड नेलं.

"बजीला बघाया वेळापूरचं पाव्हनं आल्यात," तो दबक्या आवाजात म्हणाला. "जोतीराम म्हनून, पोराचा बा. लई मोठं घर हाय. पोरगी पसंत पडली, सुपारी फुटायची एवढंच राह्यलंय. आन् काल सांच्याला मानूस इचारतोय, तुमचा धाकटा भाऊ किरिस्तावांच्या कबरस्तानात दगडं पुसत हिंडतो, ते खरं का? कुनी सांगितलं त्याला? सोलापूर का लांब हाय?"

"आण्णा, मी त्येच सांगाया आलोय. पत्र आलंय स्काटलंडास्नं. आपल्या..."

"आपल्या?" धुळाप्पाचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "श्रीमंता, तू चाळीत एकला ऱ्हातोस. तुला कोन इचारतंय? मला हितं ऱ्हायचं हाय. मला पोरगी उजवायची हाय. तुला गोरा आजा पायजे असंल तर घे, पर माज्या दारात आनू नगंस."

थोरल्या भावाच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याने आईच्या मरणानंतर आजच पाहिलं, आणि ते रागाचं होतं की भीतीचं, ते त्याला कळेना.

"मागनं जा," धुळाप्पा म्हणाला. "मेंढरांकडं बस. पाव्हनं गेल्यावर भाकरी खायाला ये."

तो गेला. चुकलेल्या पोराला हाकलावं तसा सेहेचाळीस वर्षांचा माणूस स्वतःच्या जन्मघराच्या मागच्या अंगाने गेला. जाळीच्या कुंपणात आठ-दहा कोकरं होती आणि त्यांच्यापाशी घोंगडं पांघरून केराआत्ती बसली होती. ती त्याच्या बापाची बहीण, पासष्टी ओलांडलेली. नवरा मेल्यावर माहेरी आली ती इथंच राहिली. एक दुबळं कोकरू मांडीवर घेऊन ती त्याला बोटाने दूध चाटवत होती.

"तुलाबी हितंच धाडला व्हय?" ती म्हणाली. "मला म्हनला, आत्ती, तू लई बोलतीस, मागं बस."

श्रीमंत तिच्याशेजारी बसला. पत्राचं तिला सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण भावाचे शब्द अजून कानात होते. तुला कोण विचारतंय. खोटं काही नव्हतं त्यात. सोप्यातून बोलण्याचा नुसता गुणगुणाट येत होता.

थोड्या वेळाने बजी आली. सोळा वर्षांची पोरगी, नवं लुगडं सावरताना चुकत होती.

"काका, तुमास्नी बोलावलंय."

"कुनी? आण्णानं?"

"पाव्हन्यांनी. आईनं सांगून टाकलं की तुमी आलाय म्हनून. बा लई तापला. पर आई म्हनली, मी ह्या घरात बावीस वरसं हे नाव लावून ऱ्हायली, लपवून किती दिस लपवायचं?" मग तिने जरा थांबून विचारलं, "काका, बा म्हनतोय त्या पत्रात काय हाय? वाईट हाय का?"

"न्हाय गं. मला तरी वाईट वाटलं न्हाय."

"मग वाचा की सगळ्यांम्होरं," बजी म्हणाली. "मला काय ते ठावं नगं व्हय?"

केराआत्ती कोकरू खाली ठेवून, गुडघ्यावर हात टेकत उठली. "चल. मीबी येती."

सोप्यात जोतीराम पाहुणे भिंतीला टेकून बसले होते. पिळदार, पांढऱ्या मिशांचा माणूस, लाल पागोटं, बोलणं सावकाश. त्यांनी श्रीमंतच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं, आणि पाहिलं ते लपवलं नाही.

"बसा जॉबर," ते म्हणाले. "मी आडून इचारत न्हाय. पोरगी मला लेकीसारकी वाटली. पर आमच्यात कूळ बघत्यात. गोरले हे आडनाव मी कुटल्याच धनगरात ऐकलं न्हाय. तुमी त्येचा तपास करताय म्हनं. काय लागला तपास?"

धुळाप्पाने मान खाली घातली. श्रीमंतने पत्र काढलं. इतक्या वेळा वाचलेलं, पण आता डोळ्यांसमोर अक्षरं हलायला लागली. तो वाचू लागला.

"जेम्स गोरले हा आमच्याच गावचा. अठराशे एक्केचाळीस साली हिंदुस्थानात गेला व सोलापुराकडे सडका आखण्याचं काम करीत असे. त्याची बायको तिकडे बाळंतपणात वारली. मुलगी मार्गारेट सहा महिन्यांची होऊन वारली. तिला सोलापुरातच पुरलं आहे. गोरले त्यानंतर परत आला तो एकटाच. त्याने दुसरं लग्न केलं नाही व तो चौतीस वर्षं इथं राहून वारला."

"मंजी त्येला मागं कोनी न्हाय," धुळाप्पा पटकन म्हणाला. "झालं की! मिटलं!"

"अजून हाय, आण्णा." श्रीमंतचा आवाज खाली आला. "दरवर्षी जानेवारीत एका रविवारी तो आमच्या देवळात दोन मुलांची नावं वाचून घेत असे. मेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याची आमची रीत नाही, तरी त्या वेळचे पाद्री त्याचं मन मोडत नसत. एक नाव मार्गारेट. दुसरं आमच्या वहीत दर वेळी निराळं लिहिलं आहे. जुळवून पाहता ते 'ग्यानबा' असं काहीसं होतं. हा कोण, हे त्याने कुणाला सांगितलं नाही."

या एका नावासाठी श्रीमंत चार दिवस झोपला नव्हता. समुद्रापलीकडच्या देवळात चौतीस वर्षं आपल्यातलं एक नाव घेतलं जात होतं. हा ग्यानबा गोऱ्याचा मागं राहिलेला पोर असेल, आपण त्याच्याच वेलावरचे असू, आपली आठवण काढणारा कुणीतरी होता, असं त्याने मनाशी धरलं होतं.

"दोन मुलं," जोतीराम हळूच म्हणाले. "एक मडमेचं. आन् दुसरं..."

त्यांनी वाक्य सोडून दिलं. बसम्माने तोंडाला पदर लावला. धुळाप्पा उठून उभा राहिला. जाजमावरचं सुपारीचं ताट त्याने उचललं, आणि आत न्यावं की न न्यावं ते न कळून हातात धरून राहिला.

तेवढ्यात उंबऱ्याशी केराआत्तीच्या तोंडून एक आवाज निघाला. हुंदका नव्हता, हाकही नव्हती. ती मटकन खाली बसली.

"त्यानं ज्ञानबाचं नाव घेतलं?" ती म्हणाली. "परत वाच. त्या गोऱ्यानं खरंच घेतलं?"

"आत्ती, तुला ठावं हाय? कोन ज्ञानबा?"

"आमच्या गोजरआज्जीचा थोरला ल्योक. तुज्या आजाचा, बिरदेवाचा, भाऊ. ह्या घरात त्येचं नाव काडायचं न्हाय, अशी तिनं आन घातली हुती. मला एकदाच सांगितलं, मी पयल्या बाळंतपनाला आले तवा." तिने पदराने तोंड पुसलं आणि पाहुण्यांकडे वळली. "ऐका तुमीबी. कूळ इचारलंत न्हवं?"

मग ती सांगत गेली. अधे-मधे थांबत, पण एकदाही न अडखळता.

दुष्काळाचं साल होतं. मेंढरं निम्मी मेली होती. सडका आखणाऱ्या साहेबाची मडम बाळंतपणात गेली, आणि पोरीला पाजायला बाई पाहिजे म्हणून माणसं गावोगाव फिरली. गोजर तेव्हा विशीतली, कडेवर पाच महिन्यांचा ज्ञानबा. बंगल्यावर गेली तर घराला जोंधळा मिळणार होता. सासू म्हणाली, जा. पण बंगल्यावर पोर आणायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. तिचं दूध एकाच पोराला पुरेल, म्हणाला. ज्ञानबा घरी राहिला, शेळीच्या दुधावर. चार महिन्यांनी त्याला हगवण लागली. दोन दिवसांत आटोपलं.

"आन् तिला कळवलंच न्हाय," केराआत्ती म्हणाली. "दूध आटंल म्हनून. घरच्यांनी न्हाय कळवलं, बंगल्यावरच्यांनी न्हाय. आठ दिसांनी बाजाराला गेलेल्या एका बाईनं सांगितलं. तशीच उठून चालत आली मंद्रूपपतूर. म्हैनाभरानं ती सायबाची पोरगीबी तापानं गेली."

"आन् साहेब?" बजीने विचारलं. ती कधी येऊन आत्तीच्या पाठीशी उभी राहिली, कुणी पाहिलं नव्हतं.

"त्येला ठावंच नव्हतं की हिचं पोर गेलं. मागनं कळलं. तवा घोड्यावर बसून हितं आला. ह्याच अंगनात टोपी काडून मातीत बसला. सांजपतूर बसला. आज्जी घरातनं भाईर आली न्हाय. मग उठून गेला, परत कदी दिसला न्हाय. एक गोरा धनगराच्या दारात मातीत बसतो मंजी काय असंल? गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. तवापास्नं गोरल्याचं घर, गोरल्याचं घर. मागनं मोजनीवाला आला, त्यानं तसंच लिवून घेतलं. आपन मूळचं कोळेकर. बिरदेव ज्ञानबाच्या मागनं दोन वरसांनी झाला, माज्या आज्ज्याच्याच रक्ताचा."

"आन् डोळं?" जोतीरामांनी विचारलं. विचारायलाच हवं होतं, म्हणून विचारलं.

"आज्जीचं. तिचंच हुतं असं. सायबाच्या मानसांनी पाच बायकांतनं हिलाच का घेतली? डोळं बघून. म्हातारपनी सारा पडून डोळं पांढरं झालं, मग कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय?"

पाहुण्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "माज्या आईनंबी दुष्काळात दोन पोरं पुरल्यात. मला कूळ कळलं. पर मावशी, मानसं बोलत्यात. मी एकला ऐकून घेतलं तरी माजी भावकी ऐकायची न्हाय. लगीन हुईल, पर कोळेकर म्हनून. पत्रिकेत, पंगतीत, कुटंच गोरले नगं."

"झालं!" धुळाप्पा म्हणाला. "आजपास्नं कोळेकर." त्याने ताट परत जाजमावर ठेवलं आणि सुपारी फुटली. बसम्मा रडता रडता हसली आणि तिने पाहुण्यांच्या आधी केराआत्तीला कुंकू लावायला हात उचलला, मग ती विधवा असल्याचं आठवून तिच्या पायाला हात लावला.

श्रीमंतला कुणी काही म्हणालं नाही. गूळ वाटताना त्याच्याही हातावर आला. बजीने वाकून नमस्कार केला. पण सगळ्यांच्या अंगावरून एक ओझं उतरलं होतं, आणि ते उतरवताना जे निसटलं ते फक्त त्याचं होतं. समुद्रापलीकडचा म्हातारा त्याचा कुणी नव्हता. घरात सगळी माणसं आपापसांत बोलत होती.

निघताना धुळाप्पा वेशीपर्यंत आला. "मिलमदीबी नाव बदलून घे," तो म्हणाला. "आन् लग्नाला ये. जरा... मागच्या अंगाला बस. लई मानसं येनार हाईत."

"येतो," श्रीमंत म्हणाला.

केराआत्तीला मात्र त्याने निघण्याआधी एकटीला गाठलं होतं.

"आत्ती, डोळ्यांचं खरं सांगितलंस का बजीसाटी बोललीस?"

"ज्ञानबाचं खरं सांगितलं," ती म्हणाली. "ते मी कुटनं आननार? आन् डोळ्यांचं मला जसं आठवतं तसं सांगितलं. मी पंदरा वरसांची हुते, बाबा. तू मानलंस तर हाय."

मोटारीत तो खिडकीशी बसला. शेजारच्या माणसाने दोनदा गाव विचारलं, त्याने दोनदा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात कर्क साहेबाची निघायची तयारी झाली. एकतीस वर्षांची नोकरी संपवून तो शुक्रवारच्या मेलने मुंबईला जाणार होता. बंगल्याच्या व्हरांड्यात पेट्या बांधून ठेवल्या होत्या. त्याला पोचवायला मिलमधून कुणी येणार नव्हतं. नवा मास्तर आला होता, जुन्याला कोण विचारतो? त्याने श्रीमंतला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. वीस वर्षांत असं पहिल्यांदाच. श्रीमंत बसला नाही, मग साहेबही उभा राहिला.

"पाद्री को क्या लिखेगा?" साहेबाने विचारलं. "गोरले का फॅमिली मिला?"

श्रीमंतने त्याला सगळं सांगितलं. मोडक्या हिंदुस्तानीत, हातवारे करून, थांबत थांबत. बंगला, दूध, शेळी, आठ दिवस. शेवटी साहेब पेटीवर बसला.

"वो बच्चा," त्याने विचारलं, "मार्गारेट का कौन हुआ?"

"दूधभाई."

साहेबाला शब्द माहीत नव्हता. श्रीमंतने समजावला. साहेबाने खिशातून वही काढून लिहून घेतला. मग नाव लिहायला लागला तेव्हा श्रीमंत पुढे झाला.

"ग्यानबा नहीं, साहेब. ज्ञानबा."

साहेबाने म्हणून पाहिलं. जमलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. तिसऱ्या वेळी जवळपास आलं. श्रीमंतने मान हलवली.

"लिखो साहेब, उधर के देवल में एक बार बराबर नाम लेना. मंद्रूप का ज्ञानबा कोळेकर. नऊ महिने का था."

"और तुम? हजेरी में कोळेकर करने का? मैं जाने से पहले क्लार्क को बोलता."

मंद्रूपच्या घरातून ते नाव आता पुसलं गेलं होतं. इथल्या पटावरून काढलं की कुठेच उरणार नव्हतं, आणि कुणाचंच काही अडणार नव्हतं.

"रहने दो, साहेब," तो म्हणाला. "उस नाम के वास्ते हमारा एक बच्चा गया. हम रखेगा."

साहेबाने हात पुढे केला. श्रीमंतने तो धरला, आणि कुणी आधी सोडायचा हे दोघांनाही कळेना. मग मिलचा भोंगा झाला. श्रीमंत व्हरांड्याच्या पायऱ्या उतरला आणि पाळीवर गेला. दाराशी कारकुनाने नेहमीसारखी हाक दिली, "गोरले!" श्रीमंत म्हणाला, "हाजीर," आणि आत मागांच्या आवाजात गेला.